सोलर पॅनेलचं अर्थिंग: दोन धातूंच्या जोडाला गंज लागू नये म्हणून

सोलरच्या अर्थिंगचा सांधा गंजला, लग (अर्थिंगची तार फ्रेमला पकडून ठेवणारा धातूचा तुकडा) सुटून लोंबकळू लागला, तरी वीज तयार व्हायची थांबत नाही. मीटरचे आकडे पुढे सरकत राहतात, ॲपवरचा आलेख रोजच्यासारखाच दिसतो. त्यामुळे हा बिघाड वर्षानुवर्षं कुणाच्या ध्यानातच येत नाही. इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणारं यंत्र) तरी ओरडेल असं वाटतं, पण तिथंही गोम आहे. इन्व्हर्टर सुरू होण्याआधी डीसी तारा आणि जमीन यांच्यामधला इन्सुलेशनचा रोध मोजतो. एखाद्या तारेचं आवरण सोलपटून ती फ्रेमला टेकली की हा रोध घसरतो आणि इन्व्हर्टर दोष दाखवतो. पण त्यासाठी फ्रेम जमिनीला जोडलेली असायला हवी. तो जोडच गंजून तुटला असेल, तर फ्रेमवर काही शे व्होल्ट आले तरी इन्व्हर्टरच्या लेखी बहुधा सगळं आलबेल असतं. मग त्या व्होल्टेजचा पहिला पत्ता लागतो तो पॅनेल धुवायला वर गेलेल्या माणसाला.

अशा सांध्यांचा घात पुष्कळदा एकाच गोष्टीनं होतो: ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर तांब्याचा लग थेट आवळलेला असतो. छतावरचं काम नव्यानं शिकणाऱ्यांसाठी हा लेख आहे. दुसऱ्याकडून काम करून घेताना काय बघायचं हे ज्यांना हवंय, त्यांनाही तो उपयोगी पडेल. तारेची जाडी, जमिनीत पुरायच्या इलेक्ट्रोडची संख्या, आकाशातल्या विजेपासूनचं संरक्षण यांचे नियम जागोजागी वेगळे असतात. ते तिथल्या नियमांप्रमाणे आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनच्या हातूनच व्हायला हवं. इथं फक्त धातूंचं बघू.

वर चढण्याआधी

आधी इन्व्हर्टरचा एसी स्विच बंद, मग डीसी आयसोलेटर (पॅनेलकडून येणारी वीज तोडणारा स्विच) बंद. हे केल्यावरही उजेड आहे तोवर पॅनेलमध्ये व्होल्टेज असतंच, त्याला बटण नाही. जुन्या यंत्रणेवर काम असेल तर फ्रेमला हात लावण्याआधी फ्रेम आणि खात्रीचं अर्थिंग यांच्यात व्होल्टेज आहे का ते मीटरनं पाहा, तेही इन्सुलेटेड हातमोजे घालून. करंट वाहत असताना पॅनेलचे कनेक्टर ओढू नका, डीसीची ठिणगी सहजासहजी विझत नाही. छत ओलं असेल तर काम पुढे ढकला. सेफ्टी बेल्टला पर्याय नाही.

गंज लागतो कसा

दोन वेगळे धातू, त्यांचा एकमेकांना विद्युत स्पर्श आणि दोघांना भिजवणारं पाणी. ही तीन एकत्र आली की छोटासा सेल तयार होतो आणि त्यातला जास्त क्रियाशील धातू झिजू लागतो. पाणी म्हणजे पाऊसच असायला हवा असं नाही. पहाटेचं दव, पक्ष्यांची विष्ठा, धुळीत मुरलेला ओलावा, समुद्रावरून येणारी खारी हवा, एवढंही पुरतं. पाण्यात क्षार जितके जास्त तितका तो सेल जोरात चालतो.

कुठला धातू किती क्रियाशील याचे तक्ते असतात. डिझाइन करणारे ‘ॲनोडिक इंडेक्स’ नावाचा तक्ता वापरतात. त्यात गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावरचं जस्त १.२० व्होल्टवर, पॅनेलच्या फ्रेमचं ॲल्युमिनियम ०.९० वर, कथील ०.६५ वर, स्टेनलेस स्टील ०.५० वर आणि तांबं ०.३५ वर असतं. हे सगळे आकडे उणे आहेत, पण आपल्याला मतलब फक्त फरकाशी. खाऱ्या, दमट जागी हा फरक ०.१५ व्होल्टच्या आत आणि साधारण परिस्थितीत ०.२५ च्या आत ठेवावा, असा संकेत आहे. आता हिशेब करा. ॲल्युमिनियम आणि तांबं: ०.५५. जस्त आणि तांबं: ०.८५. छतावर सर्रास दिसणाऱ्या जोड्यांमधल्या या दोन फार वाईट. ॲल्युमिनियम आणि कथील: बरोबर ०.२५. तांब्याच्या लगवर कथलाचा मुलामा का हवा, ते एवढ्यावरून कळतं.

पण मग ॲल्युमिनियम आणि स्टेनलेसमध्ये ०.४० चा फरक असूनही स्टेनलेसचे बोल्ट सगळीकडे कसे चालतात? कारण इथं आकारमानालाही महत्त्व आहे. झिजणाऱ्या धातूचं क्षेत्रफळ मोठं आणि झिजवणाऱ्याचं लहान असेल, तर झीज विखुरली जाते आणि तिचा फारसा उपद्रव होत नाही. मोठ्या फ्रेममध्ये छोटा स्टेनलेस बोल्ट म्हणूनच खपून जातो. उलट, तांब्याच्या रुंद पट्टीत ॲल्युमिनियमचा किंवा जस्त चढवलेला बारका बोल्ट घातलात, तर सगळी झीज त्या एका बोल्टवर तुटून पडते. नवख्या माणसानं पाठ करावा असा नियम हाच: बोल्ट नेहमी ज्या दोन वस्तू तो धरतो त्यांच्याइतकाच किंवा त्यांच्यापेक्षा कमी क्रियाशील धातूचा हवा.

न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याचं उदाहरण या विषयात हमखास निघतं. १८८६ साली उभारलेल्या त्या पुतळ्यात बाहेर तांब्याचा पत्रा आणि आत लोखंडी पट्ट्या होत्या. दोघांचा स्पर्श होऊ नये म्हणून मध्ये लाखेत भिजवलेलं ॲस्बेस्टॉस घातलं होतं. ते अस्तर कालांतरानं निकामी झालं, पट्ट्या गंजून फुगल्या, आणि १९८६ मध्ये पुऱ्या झालेल्या डागडुजीत त्यांच्या जागी स्टेनलेस स्टील बसवावं लागलं. तिथं निदान दोन धातू वेगळे ठेवण्याची मुभा तरी होती. अर्थिंगमध्ये तीही नाही, कारण स्पर्श हाच तर अर्थिंगचा उद्देश. तिनातली एक गोष्ट अशी मुद्दाम ठेवावीच लागते. हातात उरतात दोनच: धातूंची निवड आणि पाणी.

पायरी पहिली: छतावरच्या धातूंची यादी

सामान घेण्याआधी कागदावर लिहून काढा: पॅनेलची फ्रेम (जवळजवळ नेहमीच ॲनोडाइज्ड, म्हणजे मुद्दाम ऑक्साइडचा थर चढवलेलं ॲल्युमिनियम), पॅनेल ज्यावर बसतात ते रेल, खालचा सांगाडा (ॲल्युमिनियम किंवा हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड स्टील), नट-बोल्ट, क्लँप, लग, अर्थिंगची तार, खाली जाणारी पट्टी, इलेक्ट्रोड. छप्पर पत्र्याचं असेल तर तो पत्राही. मग जिथं-जिथं यातले दोन धातू एकमेकांना टेकतात तिथं खूण करा. बहुतेक घरगुती छतांवर धोक्याच्या जागा तीनच निघतात: फ्रेमला लग, सांगाड्याला तार आणि तारेला खाली जाणारी पट्टी.

शक्य असेल तर खुणा कमी करा. सांगाड्यापासून जमिनीपर्यंत जी.आय. (जस्त चढवलेल्या लोखंडाची) पट्टीच नेणार असाल, तर मध्येच हौसेनं तांबं आणू नका. धातू बदलायचा तर एकदाच, आणि हात पोचेल पण पाणी पोचणार नाही अशा जागी.

पायरी दुसरी: सामान

लग घ्यायचा तो कथलाचा मुलामा दिलेल्या तांब्याचा आणि उघड्यावर वापरण्यासाठी बनवलेला. भांड्याला कल्हई असते तसा हा थर असतो, आणि तो खरवडला की आतलं तांबं उघडं पडतंच. ‘ॲल्युमिनियम-तांबं दोन्हीला चालेल’ असा शिक्का असलेले काही लग निव्वळ बंद पॅनेल-बोर्डासाठी असतात. दिसायला ते तसेच, पण दोन पावसाळ्यांत त्यांचा स्क्रू जाम होतो. लगचा स्क्रूसुद्धा स्टेनलेसचा हवा.

नट-बोल्ट स्टेनलेसचे घ्या. ३०४ प्रतीच्या बोल्टच्या डोक्यावर ‘ए२’ आणि ३१६ वर ‘ए४’ अशा अर्थाची खूण असते. समुद्राजवळ ‘ए४’ शिवाय घेऊ नका. चकाकणारे बोल्ट सगळे स्टेनलेस नसतात. पातळ जस्त चढवलेले साधे बोल्टही नवे असताना तसेच चमकतात, म्हणून डोक्यावरची खूण बघा.

तांब्याची तार आणि जी.आय. पट्टी यांची गाठ पडणारच असेल, तर बायमेटॅलिक (दोन टोकांना दोन वेगळे धातू असलेला) लग किंवा दोन्ही धातूंसाठी बनवलेला क्लँप लागतो. मध्ये नुसता स्टेनलेसचा वॉशर सरकवून काम भागवणारे बरेच आहेत. त्यानं तांब्याचा आणि जस्ताचा थेट स्पर्श टळतो, पण पाणी दोघांनाही भिजवतंच राहतं. त्यामुळे सांधा उघड्यावर असेल तर हा उपाय अर्धवटच.

याशिवाय जस्ताची भुकटी असलेली अँटी-ऑक्सिडंट पेस्ट, फक्त ॲल्युमिनियमसाठी राखलेला स्टेनलेसचा तारेचा ब्रश आणि टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोरानं आवळता येणारा पाना). लोखंडावर वापरलेला ब्रश ॲल्युमिनियमवर फिरवू नका. त्याचे कण फ्रेममध्ये रुततात आणि तिथं तांबूस ठिपके उमटतात. गाडीचं साधं ग्रीस पेस्टच्या जागी चालत नाही, ते उन्हात पातळ होऊन वाहून जातं.

पायरी तिसरी: फ्रेमचा सांधा

सगळं कौशल्य इथं आहे, म्हणून जरा सावकाश.

फ्रेमला नवीन भोक पाडू नका. बहुतेक फ्रेमवर अर्थिंगचं चिन्ह कोरलेलं भोक आधीपासून असतं, ते वापरा. दुसरीकडे भोक पाडलंत तर वॉरंटीवर पाणी सोडावं लागू शकतं.

ॲनोडायझिंगचा थर काही मायक्रॉनचाच असतो, पण तो वीज वाहू देत नाही. त्यामुळे लग कितीही घट्ट आवळला तरी थर भेदल्याशिवाय अर्थिंग झालंच, असं म्हणता येत नाही. थर भेदायचे दोन मार्ग आहेत. पहिला, दातेरी स्टेनलेस वॉशर किंवा खास बाँडिंग क्लिप: आवळताना तिचे दात थर फोडून आतल्या धातूत घुसतात. दुसरा, लगच्या मापाएवढी जागा घासून उघडी करणं. नवख्यांना मी पहिलाच मार्ग सुचवेन. दातांच्या टोकाशी दाब इतका असतो की तिथं हवा-पाणी शिरायला जागाच राहत नाही, आणि बाकीचा संरक्षक थर शाबूत राहतो. घासून केलेल्या सांध्यात मात्र लगच्या कडेनं उघडी पट्टी राहून जाते आणि गंजाला तिथूनच वाट मिळते.

घासायचंच असेल तर क्रम असा. जागा कोरडी पुसा, ब्रशनं चकचकीत करा, लगेच पेस्ट लावा. ‘लगेच’ शब्दशः घ्या, कारण उघड्या ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा नवा पापुद्रा क्षणार्धात धरतो. पेस्टवरूनच पुन्हा एकदा ब्रश फिरवा म्हणजे तो पापुद्रा पेस्टखालीच निघतो, आणि पेस्ट न पुसता लग बसवा. ब्रश फक्त ॲल्युमिनियमवर चालवा. कथलाचा लग फडक्यानं पुसला की झालं.

एरवीची मांडणी साधारण अशी: बोल्ट, साधा वॉशर, फ्रेम, दातेरी वॉशर, लग, साधा वॉशर, स्प्रिंग वॉशर, नट. पॅनेलच्या किंवा क्लिपच्या पुस्तिकेत वेगळा क्रम दिला असेल तर तोच पाळा, कारण चाचण्या त्याच मांडणीवर झालेल्या असतात. टॉर्कचा आकडाही तिथूनच घ्या. स्टेनलेसचे आटे ड्रिलच्या वेगानं फिरवले तर एकमेकांत रुतून जाम होतात, शेवटचे फेरे हातानं द्या.

स्प्रिंग वॉशर कशाला, असं वाटेल. दोन मीटरची ॲल्युमिनियम फ्रेम ५० अंशांच्या तापमान-फरकात दोन मिलिमीटरहून थोडी जास्त लांबते. स्टेनलेस त्याहून कमी प्रसरण पावतं. हा खेळ रोज दिवसातून एकदा चालतो आणि नुसता नट त्यात हळूहळू सैलावतो. सैल सांध्यात पाणी शिरतं, पुढचं सांगायला नको.

दातेरी वॉशर आणि बाँडिंग क्लिप एकदाच वापरायच्या. पॅनेल काढून परत बसवलं की नवीन घाला, जुन्याचे दात बोथट झालेले असतात. तार प्रत्येक पॅनेलपाशी न तोडता लगमधून अखंड पुढे न्या, म्हणजे एक पॅनेल काढलं तर बाकीच्यांचं अर्थिंग सुटत नाही. आणि रेलच्या दोन तुकड्यांमधला जोड आपोआप वीज वाहतो असं गृहीत धरू नका. तो त्यासाठी प्रमाणित नसेल तर वरून जंपर (दोन तुकडे जोडणारी छोटी तार) टाका.

पायरी चौथी: तारेची वाट

उघडी तांब्याची तार रेलला किंवा पत्र्याला टेकत नेणं म्हणजे जागोजागी नवे सांधे तयार करणं. हिरव्या-पिवळ्या आवरणाची तार घ्या आणि आवरण उन्हात टिकणारं आहे ना ते पाहा. लगपाशी सोललेलं टोक फ्रेमला लागणार नाही एवढंच सोला.

तांबं नेहमी खाली, ॲल्युमिनियम आणि जस्त वर. तांब्यावरून ओघळणाऱ्या पाण्यात त्याचा सूक्ष्म अंश उतरतो आणि तो ॲल्युमिनियमवर किंवा जस्ताच्या पत्र्यावर पडला की तिथं खड्डे पडतात. म्हणजे इथं धातूंचा एकमेकांना स्पर्शही लागत नाही, नुसतं ठिबकणं पुरतं. याच धर्तीची आणखी एक गंमत: जस्त-ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर खुणा करायला शिसपेन्सिल वापरू नका. पेन्सिलीतलं ग्राफाइट तांब्यापेक्षाही ‘वरच्या जातीचं’, म्हणजे कमी क्रियाशील, आणि ओढलेल्या रेघेवरच गंज उमटतो. मार्कर वापरा. भोकं पाडल्यावर पडलेला लोखंडाचा कीस त्याच दिवशी झाडून काढा, आणि कापलेल्या जी.आय.च्या टोकांना जस्तयुक्त रंग लावा.

सांध्यावर सिलिकॉन लावायची पुष्कळांना सवय असते. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं आणि तांब्यालाच खातं. ‘न्यूट्रल क्युअर’ लिहिलेलं घ्या. लावायचं ते सांधा आवळून, मोजून झाल्यावर, बाहेरून. आणि खालच्या बाजूनं पाणी निथळायला वाट ठेवा. चारी बाजूंनी बंद केलेल्या सांध्यात एकदा ओल शिरली की ती बाहेर पडत नाही.

पायरी पाचवी: जमिनीकडे

ॲल्युमिनियम मातीत पुरायचं नाही आणि ओल्या सिमेंटमध्ये गाडायचं नाही, सिमेंटचा चुना त्याला खातो. तांब्यावरून जी.आय.वर जायचा सांधा जमिनीच्या वर, झाकणाच्या डब्यात घ्या.

जमिनीखाली एक अनपेक्षित भानगड असते. काँक्रीटमधल्या सळयांचं लोखंड विद्युत दृष्ट्या जवळपास तांब्यासारखं वागतं. त्यामुळे मातीतला जस्त चढवलेला इलेक्ट्रोड इमारतीच्या सळयांना जोडला, की ओल्या जमिनीत तोच झिजायला लागतो. अशा ठिकाणी तांब्याचा, तांबं चढवलेला किंवा स्टेनलेसचा इलेक्ट्रोड बरा. निवड डिझाइन करणाऱ्याकडून करून घ्या, पण हा प्रश्न त्याला जरूर विचारा.

पायरी सहावी: मोजमाप

डोळ्यांना चकचकीत दिसणारा सांधा चांगलाच असेल असं नाही. कमी रोध मोजणारं, निदान २०० मिलिॲम्पिअर करंट सोडणारं मीटर वापरा. साध्या मल्टिमीटरचा करंट इतका नाजूक असतो की एका केसाएवढ्या तंतूवर टिकलेला सांधाही तो ठणठणीत दाखवतो. मीटरच्या तारांचा स्वतःचा रोध आधी वजा करा. फ्रेमवर टोक टेकवताना ॲनोडायझिंग भेदलं जाईल असं रोवा, नाहीतर सांधा चांगला असूनही मीटर ‘तुटलेलं’ दाखवेल.

एका सांध्याचा रोध ०.१ ओहमच्या आत हवा. सगळ्यात दूरच्या फ्रेमपासून मुख्य अर्थ बारपर्यंतचा आकडा घेताना तारेचा वाटा लक्षात ठेवा: ६ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेला ३० मीटरमागे सुमारे ०.०९ ओहम. एवढ्या तारेवर अर्धा ओहम दिसला, तर दोष तारेचा नाही, मधल्या कुठल्यातरी सांध्याचा आहे. इलेक्ट्रोड आणि माती यांच्यातला रोध ही वेगळी चाचणी. ती उत्तम आली म्हणून फ्रेमचे सांधे तपासायचे टाळू नका.

सगळे आकडे पॅनेलच्या क्रमांकासह लिहून ठेवा. पुढच्या वेळी तुलना करायला दुसरं काहीच हाताशी नसतं.

नंतरची तपासणी

वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा सरल्यावर. समुद्राजवळ किंवा कारखान्यांच्या धुरात असाल तर सहा महिन्यांनी. लगभोवती पांढरी भुकटी म्हणजे ॲल्युमिनियम किंवा जस्त झिजतंय, हिरवट थर म्हणजे कथील जाऊन तांबं उघडं पडलंय, तांबूस ओघळ म्हणजे कुठंतरी साधं लोखंड शिरलंय. लग बोटानं हलवून पाहा. मग मीटर लावा आणि जुन्या वहीतल्या आकड्याशी ताडून बघा. रोध दुपटीनं वाढला असेल, तर तो अजून मर्यादेत असला तरी सांधा उघडा.

उघडलेला सांधा पुसून तसाच परत आवळू नका. फ्रेमवर खड्डे पडले असतील तर दुसरं अर्थिंगचं भोक वापरा, लग आणि दातेरी वॉशर नवे घाला. आणि सांधा सोडण्याआधी त्या पॅनेलला तात्पुरती तार लावून अर्थिंग चालू ठेवा. नवा सांधा बसून मोजून झाला की मगच ती काढा.